बाग किती दिवसांची?

सप्टेंबर-ऑक्टोबरात निफाड, दिंडोरी, चांदवड भागात द्राक्षाच्या गोडी छाटणीचा, म्हणजे फळासाठीच्या छाटणीचा जोर असतो. पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या बागांत उतरलेल्या असतात आणि नेमक्या याच दिवसांत द्राक्ष बागायतदाराच्या फोनवर सगळं जग तुटून पडतं. औषध कंपन्यांची पोस्टरं, खत कंपन्यांच्या स्कीमा, पाच-सात ग्रुप, त्यात कुणी टाकलेला डागाळलेल्या पानाचा फोटो आणि त्याखाली वीस जणांनी सुचवलेली वीस औषधं. हवामान सांगणारे यूट्यूबवाले वेगळे, सल्लागाराचं शेड्यूल वेगळं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्लाही कुणी ना कुणी पुढं ढकललेला असतो, आणि तो बिचारा गुड मॉर्निंगच्या दोन गुलाबांमध्ये सापडतो. या सगळ्यात भर म्हणून ज्या दुकानातून माणूस औषधं घेतो, त्या कृषी सेवा केंद्राचं आठवड्याचं पत्र. असं पत्र लिहिण्याचं काम मी पिंपळगाव बसवंत भागातल्या एका दुकानासाठी करतो.

पत्र म्हणजे व्हॉट्सॲपवर जाणारा सात-आठ ओळींचा मजकूर. चौकट नाही, मालकांचा हात जोडलेला फोटो नाही. फोटोतला मजकूर उन्हात वाचता येत नाही आणि बागेत नेटवर्क कमी असलं की तो उतरतही नाही, एवढं साधं कारण त्यामागं आहे.

असली पत्रं बहुतेक धंदे काढतात आणि बहुतेक पत्रं न वाचता वर सरकवली जातात. लोकांना वाचायला वेळ नाही, असं त्याचं कारण सांगितलं जातं. मला ते पटत नाही. हाच बागायतदार फुलोऱ्याच्या दिवसांत रात्री अकरा वाजता डाऊनी या बुरशीच्या रोगावरचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ डोळे ताणून बघतो. त्याला वेळ असतो. आलेला मजकूर त्याच्या आजच्या बागेचा नसतो.

द्राक्षात हे फार उघडं दिसतं, कारण इथं प्रत्येकाचं कॅलेंडर वेगळं असतं. दोन बागायतदार भेटले की हवापाण्याआधी विचारतात, “बाग किती दिवसांची?” छाटणी झाली की त्या बागेची मोजणी सुरू होते. पहिल्या एक-दोन दिवसांत हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. आठ-दहा दिवसांत डोळे फुगतात, मग पोंगा. पुढं फेलफुटी काढणं, घड दिसणं, फुलोऱ्याआधीची जीए या संजीवकाची फवारणी. 35-40 दिवसांच्या सुमारास फुलोरा, मग सेटिंग, थिनिंग, डिपिंग. मण्यात पाणी उतरायला अडीच-तीन महिने लागतात आणि काढणीला साधारण चार-साडेचार.

आता 20 ऑक्टोबरची संध्याकाळ धरा आणि नाशिक जिल्ह्यावर एकच पाऊस पडला असं समजा. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलेल्या बागेला तो फारसा बोलत नाही, कारण भिजायला अजून पानच नाही. सप्टेंबरच्या मध्यावर छाटलेली बाग फुलोऱ्यात असते. तिथं पान रात्रभर ओलं राहिलं तर डाऊनी घडावर चढते, गळकुज होते आणि वर्षाचा माल दोन-तीन दिवसांत हातचा जातो. तिकडं बागलाणात जुलैत छाटलेल्या अर्ली बागेत मण्यात पाणी उतरलेलं असतं. तिथं भीती मणी तडकण्याची. ‘पावसामुळं डाऊनीपासून सावध राहा’ असा एकच मेसेज तिघांना गेला, तर तो एकाला उपयोगाचा, एकाला निरर्थक आणि एकाला चुकीची काळजी लावणारा ठरतो. मजकुरातला शब्द न शब्द बरोबर असला तरीही.

म्हणून या पत्राचं खरं काम लिहिण्याच्या टेबलावर होत नाही. ते दुकानाच्या काउंटरवर, बिल फाडताना होतं. काउंटरवरच्या मुलाजवळ एक लांबट वही असते. नाव, गाव, प्लॉट, वाण, छाटणीची तारीख आणि माल एक्स्पोर्टला की लोकलला, असे तिचे रकाने. एवढं लिहून घेणं सोपं वाटतं. ऐका:

“आबा, छाटणी कधी धरली?”

“कोणत्या बागेची?”

“किती आहेत?”

“रोडची झाली दसऱ्याच्या आधी. विहिरीवरची चालू आहे. घरामागची टोळी परत आली की.”

“विहिरीवरची कधी धरली?”

“सोमवारी. पण वरच्या ओळी आज.”

मुलगा सोमवार लिहितो, त्यापुढं आज अशी खूण करतो आणि घरामागचीचा रकाना कोरा ठेवतो. कोरा रकाना फार महत्त्वाचा. आबा पुन्हा येतील तेव्हा त्यांना काय विचारायचं, ते त्या कोऱ्या चौकोनामुळं कळतं. प्लॉटला गट नंबर न लिहिता ‘रोडची’, ‘विहिरीवरची’ अशीच नावं ठेवायची, कारण आबांच्या डोक्यात तीच आहेत. मेसेजात ‘तुमची विहिरीवरची आता फुलोऱ्यात येईल’ असं गेलं की ते पत्र त्यांचं होतं.

पण दर वेळी प्रत्येकाला असं वेगळं लिहिणं शक्य नसतं, म्हणून दहा-दहा दिवसांचे गट करतो. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये माणसांना रंगीत लेबलं लावता येतात. लेबल ‘40 दिवसांची बाग’ असं लावू नये. दिवस रोज पुढं सरकतात आणि मग दर आठवड्याला सगळ्यांची लेबलं बदलत बसावं लागतं. लेबल तारखेचं लावावं, ‘गोडी 1 ते 10 ऑक्टोबर’. ते हंगामभर हलत नाही. वजाबाकी आपण करायची. तीन बागा असतील तर माणसाला तीन लेबलं. त्याला आठवड्यात तीन पत्रं जातात आणि तो तक्रार करत नाही, कारण तिन्ही त्याचीच असतात.

ब्रॉडकास्ट यादीत 256 माणसं बसतात, आणि ज्यानं आपला नंबर फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. ही अट जाहिरातवाल्यांना जाचक वाटते. मला ती देवासारखी वाटते. ज्याला पत्र नको आहे, तो नंबर सेव्ह करतच नाही. आपला नंबर कुणाच्या फोनमध्ये कोणत्या नावानं आहे, हेही एकदा बघण्यासारखं असतं. ‘औषधवाले’, ‘द्राक्ष दुकान’ ठीक. एकाच्या फोनवर मी ‘उधारी’ असं नाव पाहिलं आहे.

त्यात विनोद कमी आणि धडा जास्त आहे. कृषी सेवा केंद्राचा निम्मा धंदा उधारीवर चालतो. हंगामात माल न्यायचा, द्राक्षं विकली की फेब्रुवारी-मार्चनंतर पैसे द्यायचे. वसुलीचा मेसेज आणि सल्ल्याचा मेसेज एकाच नंबरवरून गेले की संपलं. दुकानाचं नाव स्क्रीनवर दिसताच माणूस फोन पालथा ठेवतो आणि त्यात डाऊनीचा इशाराही पालथा पडतो. दुसरं सिम घ्यायला फार पैसे लागत नाहीत. तरी कित्येक दुकानं हे करत नाहीत आणि पत्र कुणी वाचत नाही म्हणून डिझायनर बदलत राहतात.

काही जुन्या गिऱ्हाइकांकडं अजून बटनाचा फोन आहे. त्यांना एसएमएस करावा लागतो आणि मजकूर किती आटवता येतो याची परीक्षा तिथं होते. इंग्रजी एसएमएसात 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70. शिवाय काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण, मधली मोकळी जागा असं सगळं सुटं मोजलं जातं. ‘नमस्कार शेतकरी बंधूंनो’ एवढ्यातच 22 खर्च होतात, आणि त्यात बंधूंना काहीच कळलेलं नसतं. भरीला दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमानुसार धंद्याच्या एसएमएसचा साचा आधी नोंदवून ठेवावा लागतो. ऐनवेळी बदलायच्या तेवढ्या जागा त्यात रिकाम्या ठेवायच्या. आमचा एक साचा भरल्यावर असा दिसतो: ‘बाग 20 ते 35 दिवसांची? उद्या पावसाचा अंदाज. डाऊनीचं आजच बघा.’ मोजून 60. ज्याची बाग 60 दिवसांची आहे तो पहिल्याच प्रश्नाला थांबतो आणि फोन खिशात ठेवतो. तसंच व्हायला हवं. व्हॉट्सॲपवर जागेची टंचाई नसते, तरी तिथलं पत्रही मी या शिस्तीनं सुरू करतो: पहिल्या ओळीत कोणासाठी, दुसऱ्या ओळीत काय आणि कधीपर्यंत, कारण तिसऱ्या ओळीत. औषधाचं नाव असलंच तर शेवटी, आणि तेही घटकाचं. ब्रँड काउंटरवर ठरतो.

इथं कंपनीचा प्रतिनिधी नाराज होतो. त्याला त्याचं पोस्टर सगळ्यांना हवं असतं, आणि त्याचंही खरं आहे, त्याला महिन्याचं टार्गेट असतं. दुकानालाही दहावर एक फ्री मिळालेलं असतं आणि गोडाऊन भरलेलं असतं. पण पत्रावर विश्वास बसतो तो वेगळ्याच आठवड्यांत. काढणी महिन्याभरावर आली की एक्स्पोर्टवाल्यांना जाणारं पत्र म्हणतं: आता हे हे मारू नका, पीएचआय संपत नाही. पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत सोडायचे दिवस. युरोपात जाणाऱ्या मालाची बाग आधी ग्रेपनेट या निर्यात-नोंदणीच्या यंत्रणेवर नोंदलेली असते, मग नमुना प्रयोगशाळेत जातो, औषधांचे अंश मर्यादेत निघाले तरच पुढचं. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या, काडीची वाढ रोखायला वापरल्या जाणाऱ्या औषधाचे अंश युरोपात सापडले आणि भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकून पडले. या भागात ते वर्ष अजून कुणी विसरलेलं नाही.

‘मारू नका’ असं पत्र लिहिलं की त्या आठवड्याचं बिल पडतं. आमच्या शेठना हे मी आधी भीतभीतच सांगितलं होतं. ते म्हणाले, “एक बिल गेलं तर जाऊ द्या. सॅम्पल फेल गेलं तर गिऱ्हाईक जातं, आणि त्याच्याबरोबर त्याचे साडूही.” नात्यागोत्याच्या गावात हा हिशोब बरोबर आहे.

26 नोव्हेंबर 2023 ला नाशिक जिल्ह्यात अवकाळीबरोबर गारा पडल्या. निफाड तालुक्यात बागा झोडपून निघाल्या. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही मण्यांची फुगवण वाढवणाऱ्या टॉनिकची पोस्टरं फोनवर येतच होती. आधी लावून ठेवलेली असणार, कुणी थांबवली नाहीत. मणी जमिनीवर पडलेत आणि स्क्रीनवर फुगवण. अशा वेळी दुकानाच्या पत्रात विकायचं काहीच नसावं. ज्यांनी फळपीक विम्यात गारपिटीचं संरक्षण घेतलंय त्यांनी 72 तासांच्या आत कळवायचं असतं. बागेचे फोटो काढून ठेवायचे. पंचनाम्यासाठी तलाठी आणि कृषी सहायकांना गाठायचं. एवढंच. अशी पत्रं लोक पुढं पाठवतात, ज्यांचा दुकानाशी संबंध नाही त्यांनाही.

पत्र लागू पडलं की नाही हे कसं कळतं, असं मला विचारतात. निळ्या खुणांवरून कळत नाही. फोन नातवाच्या हातात असतो. कळतं ते काउंटरवर. पूर्वी माणूस पानाचा फोटो पुढं करून “काय मारू?” एवढंच विचारायचा. आता एखादा म्हणतो, “तुम्ही म्हणता पाऊस उद्या, पण माझा फवारणीचा ब्लोअर बिघडलाय. आज निम्मीच मारली तर कोणती बाजू आधी घेऊ?” हा प्रश्न वाचलेल्या माणसाचा आहे. कधी कुणी तासगावच्या पाहुण्याचा मेसेज घेऊन येतो, तिकडची 60 दिवसांची बाग आणि याची 20 दिवसांची. आपलं पत्र वाचणारा तो मेसेज घेऊन दुकानात येतो, न वाचणारा परस्पर फवारून मोकळा होतो.

इमेलच्या जगात फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूनं मोठ्या प्रमाणावर पत्रं पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढून घेण्याची सोय सक्तीची केली. गावाकडं ही सोय आधीपासून आहे. माणूस काही न बोलता म्यूट करतो, वर दुकानात आला की चहा पितो आणि “तुमचं पत्र छान असतं” असंही म्हणतो. त्या कौतुकावर विसंबू नये.

आणखी एक गोष्ट शेठना पटायला वेळ लागला. एखाद्या गटाला त्या आठवड्यात सांगण्यासारखं काही नसेल तर त्या गटाला पत्र जात नाही. हवा कोरडी आहे, बाग सरळ चालली आहे, मग कशाला लिहायचं? ‘संपर्कात राहण्यासाठी’ पाठवलेलं पत्र पुढच्या खऱ्या पत्राचं वजन खातं. हा नियम द्राक्षाच्या दुकानाला आहे तसा खातेदारांना पत्रक पाठवणाऱ्या बँकेलाही आहे, फक्त बँकेला छाटणीची तारीख विचारता येत नाही. पण ठेवीची मुदत कधी संपते हे तिला ठाऊक असतंच की. तरी ती सगळ्यांना एकाच दिवशी दिवाळीच्या शुभेच्छा आणि गृहकर्ज पाठवते.

हे वाचणाऱ्यांत कुणी बागायतदार असतील तर त्यांना एकच सांगणं. यंदा दुकानात गेलात की छाटणीची तारीख न विचारता सांगा, आणि एका बागेची सांगून थांबू नका. दुकानदार ती लिहून घेत नसेल, तर त्याचे मेसेज म्यूट करायला माझी हरकत नाही.