काळाबाहेरचा देव विश्वाची सुरुवात कशी करेल?

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या वर्कशॉपचा विचार करा. मेन स्विच अनादि काळापासून चालू असेल, तर मशीनही अनादि काळापासून फिरत असणार. मग ती 'सुरू' कधी झाली?

हीच अडचण काळातीत ईश्वराची. कारण नित्य असेल, तर कार्यही नित्य हवं. विश्व मात्र महास्फोट सिद्धांतानुसार सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वीच का सुरू झालं?

अकराव्या शतकातला इस्लामी विचारवंत अल-गझाली याचं उत्तर होतं, 'इच्छा'. स्विचला निवड करता येत नाही, ईश्वराला येते. त्याआधी संत ऑगस्टीन म्हणाले होते की काळच विश्वासोबत निर्माण झाला, म्हणून 'त्याआधी' हा प्रश्नच उद्भवत नाही. मला हे जास्त पटतं. तरी एक खुटखुट राहतेच: 'निवड करणं' म्हणजे आधी-नंतर आलंच ना?

कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी तर सुरुवातच नाकारली. 1993 साली फ्रेड हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी अर्ध-स्थिर स्थितीचा सिद्धांत मांडला. त्यातलं विश्व अनादि, आकुंचन-प्रसरणाच्या चक्रात चालणारं. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. पण विश्वाला सुरुवातच नसेल, तर ती करणाऱ्याचा शोध कशाला?