कोळंबीचे बीज : पैसे मोजण्याआधी चाचणी

पालघर, रायगड, रत्नागिरीच्या खाडीकाठच्या कोळंबी तलावांत आपल्याही काही व्यापारी बांधवांची रक्कम गुंतलेली असते. त्यांनी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची माहिती अवश्य ठेवावी. हा विषाणू १९९२ च्या सुमारास तैवानात दिसला, १९९४ साली आपल्या पूर्व किनाऱ्यावर आला आणि टायगर कोळंबीचे तलावच्या तलाव साफ करून गेला. रोग फुटला की तीन ते दहा दिवसांत खेळ खलास. २००९ पासून परदेशी व्हेनामी आली, पण विषाणू गेला नाही.

बीज सोडल्यावर बहुधा पहिल्या दोन महिन्यांतच घाला पडतो. विषाणू रक्तपेशींत शिरला की बारा तासांच्या आतबाहेर त्या पेशी नेहमीपेक्षा जास्त साखर ओढू लागतात. ही साखर ना वाढीला लागते ना बचावाला. विषाणूच्या नव्या प्रती काढण्यात ती खर्ची पडते. माग आपला, सूत आपले, थान मात्र दुसऱ्याचे! पुढे रोगाशी लढणाऱ्या रक्तपेशीच घटतात, कोळंबी खाद्य सोडते, अंग लालसर पडते. पांढरे ठिपके व्हेनामीत कित्येकदा दिसतही नाहीत.

कोंबडीच्या रक्तात लशीने प्रतिपिंडे तयार होतात, कोळंबीत ती होतच नाहीत. त्यामुळे लस टोचून निर्धास्त होण्याची सोय नाही, आणि औषधही नाही. प्रतिजैविके गळ्यात मारणारे भेटतील. ती जिवाणूंवर चालतात, विषाणूवर नाही. शिवाय त्यांचा अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो तो वेगळाच.

कापड बोटांत चोळून पारखता येते, बीज नाही. चपळ, स्वच्छ दिसणारे बीजही मादीकडून रोग घेऊन आलेले असू शकते. म्हणून हॅचरीच्या दाखल्यावर न थांबता स्वतः नमुना काढून पी.सी.आर. चाचणी करावी. ‘रोगमुक्त’ बीज म्हणजे रोगाला दाद न देणारे बीज नव्हे, हा फरक दलाल सहसा सांगत नाहीत. खेकडेही हा विषाणू वाहतात, तेव्हा तलावाला जाळीचे कुंपण हवेच.

उभ्या तलावावर आगाऊ रक्कम देऊन कोळंबी विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पाण्यातली, न पकडलेली मासळी विकणे हे फिकहच्या किताबांत ‘गरर’चे नेहमीचे उदाहरण आहे. रक्कम घालायचीच तर नफा-नुकसानीच्या भागीदारीत घालावी आणि बीजाच्या चाचणीचा कागद करारनाम्याला जोडून घ्यावा.