एल्कहॉर्नच्या खाडीतली रात्रपाळी

कॅलिफोर्नियात, माँटेरी उपसागराच्या काठी मॉस लँडिंग नावाचं छोटं मासेमारी बंदर आहे. तिथून एल्कहॉर्न स्लू ही खाडी सुमारे 11 किलोमीटर आत शिरते. मुखाशी समुद्री पाणमांजरं उताणी तरंगत शिंपले फोडतात. आसपास स्ट्रॉबेरी आणि लेट्यूसची शेतं. त्या शेतांतलं खत वाहत खाडीत उतरतं, हेच तिचं दुखणं.

दुपारी पाहाल तर पाणी ठणठणीत वाटतं. खतावर पोसलेलं शेवाळ उन्हात भरपूर प्राणवायू सोडतं. अंधार पडला की प्राणवायू तयार होणं थांबतं, पण शेवाळ, मासे, चिखलातले जंतू सगळ्यांचं श्वास घेणं चालूच राहतं. भरतीचं पाणी मोजकंच पोचतं अशा खाडीकाठच्या आझेवेदो तळ्यात पहाटेपर्यंत प्राणवायू जवळजवळ संपतो. सूर्य वर आला की पुन्हा सगळं आलबेल. 1988 पासून इथले स्वयंसेवक दरमहा नमुने घेतात. त्यांच्या चिकाटीला तोड नाही, पण पहाटेची ही तगमग दिवसा भरलेल्या बाटलीत सापडत नाही.

ती सापडते पाण्यात ठेवलेल्या यंत्रांना. ही खाडी 1979 पासून राखीव संशोधन क्षेत्र आहे, आणि अमेरिकेतल्या अशा क्षेत्रांत 1995 पासून एकाच पद्धतीनं स्वयंचलित मोजणी सुरू झाली. छिद्रं पाडलेल्या प्लास्टिकच्या पाइपात मनगटाएवढी जाड नळी उतरवलेली असते. दर 15 मिनिटांनी ती तापमान, खारेपणा, आम्लता, गढूळपणा, पाण्याची उंची आणि प्राणवायू नोंदवते. पाण्यातून वीज किती सहज वाहते, त्यावरून खारेपणा काढतात. प्राणवायूची युक्ती मला सगळ्यात सुंदर वाटते. निळा प्रकाश पडताच एका रंगद्रव्यातून तांबूस उजेड फुटतो. पाण्यात प्राणवायू जितका जास्त, तितका तो लवकर विझतो.

पण खाडी कोणतीही वस्तू स्वच्छ राहू देत नाही. काही आठवड्यांत नळीवर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो, बारीक शिंपले चिकटतात आणि आकडे हळूहळू भरकटू लागतात. सेन्सर पुसायला छोटा ब्रश फिरतो, तरी माणसाला जावंच लागतं. नळी काढायची, जागी दुसरी लावायची, काढलेली प्रयोगशाळेत ठरावीक द्रावणात बुडवून तिचं माप किती सरकलं ते तपासायचं, आणि संशयास्पद नोंदींवर तशी खूण करायची. खुणेशिवायच्या आकड्यावर भरवसा ठेवता येतो तो या कंटाळवाण्या कामामुळे. यंत्राच्या कौतुकात त्याची आठवण क्वचितच निघते.

मॉस लँडिंगमध्येच माँटेरी बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूट ही संशोधन संस्था आहे. तिथल्या केन जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाडीत आणखी एक यंत्र बसवलं. पाणी अतिनील किरण किती शोषतं, यावरून ते कोणतंही रसायन न वापरता दर तासाला नायट्रेट मोजतं. तासातासाच्या या नोंदी भरती-ओहोटीशी ताडून पाहिल्या तेव्हा दिसलं, की बंदराजवळ येऊन मिळणाऱ्या जुन्या सॅलिनास नदीच्या पात्रातलं खतानं भरलेलं पाणी भरतीबरोबर खाडीत वर चढतं. म्हणजे खाडीच्या काठावरची शेतं सांभाळून भागणार नाही. मुखाच्या दक्षिणेला जी शेतं या पात्रात रिकामी होतात, त्यांचाही हिशेब धरावा लागेल.