जर्मनीत पोहोचताच टपालपेटीवर नाव लावा

शेजारची कन्या विद्यार्थी-विनिमय योजनेतून एका सत्रासाठी लाइपझिगला निघाली आहे. तूरडाळ किती न्यावी, असे तिने काल विचारले, तेव्हा त्याच नगरीत विद्यार्थिदशेचा काही काळ घालविलेल्या मला सांगावेसे वाटले की, डाळ तेथेही मिळते; काळजी करावयाची ती दाखल्यांची.

नव्या जागेत राहावयास गेल्यापासून २ आठवड्यांच्या मुदतीत नगरपालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्या नोंदीसाठी घरमालकाचा रहिवासाबद्दलचा लेखी दाखला लागत असल्यामुळे, किल्ली हाती घेतानाच तो मागून घ्यावा. कचेरीची वेळ आगाऊ ठरवावी. सत्रारंभी गर्दी फार.

याहून उपेक्षित बाब टपालपेटीची. तेथे पत्त्यात बहुधा खोलीचा क्रमांक नसतो. टपालवाला पेटीवरील आडनाव वाचूनच पत्र टाकतो, त्यामुळे आपल्या नावाची चिठ्ठी जेथे नाही तेथून बँकेचे कार्ड आणि सरकारी करक्रमांकाचे पत्र निमूटपणे परत जाते. मी तर सामान सोडण्यापूर्वीच चिकटपट्टीने नाव डकविले होते, आणि ते ठळक रोमन अक्षरांत!

रविवारी दुकाने कायद्यानेच बंद. दूध-पाव शनिवारीच आणावा. अनामतीची खूण असलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या दुकानातील यंत्रात घातल्यास प्रत्येकी २५ सेंट परत मिळतात.

कोणाची मुले तिकडे निघाली असल्यास प्रश्न अवश्य विचारावेत. व्हिसाविषयी मात्र वकिलातीकडेच चौकशी करावी.