दुधाचे दात : राखून ठेवलेली जागा

‘दुधाचेच तर दात आहेत डॉक्टर, पडणारच ना!’ यवतमाळात दाताचा दवाखाना चालवताना हे वाक्य मी नेहमी ऐकतो. दात पडणार हे खरेच; पण ते वेळेवर पडणे महत्त्वाचे.

दुधाचे दात २०. सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून पुष्कळ पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी दुर्लक्ष करतात. ती गेली, तर पुन्हा येत नाही.

समजा, किडीमुळे दुधाची दाढ सातव्या वर्षी काढावी लागली. तिच्या जागचा कायमचा दात येणार दहा ते बारा वर्षांदरम्यान. तोवर मागची दाढ हळूहळू पुढे सरकते. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, दुधाचा दात तसाच रुमाल. तो उचलला की जागा गेली! मग नवा दात वाकडा येतो किंवा हिरडीतच अडकतो. अशा वेळी शेजारच्या दाताला कडी व तार बसवून जागा राखता येते. तिला ‘स्पेस मेंटेनर’ म्हणतात. नवा दात आला की ती काढायची.

आणखी काही खुणा पाहाव्यात. तोंड मिटल्यावर वरचे दात खालच्या दातांच्या आत बसतात का? हनुवटी एका बाजूला सरकते का? कायमचे पुढचे दात येऊ लागले तरी अंगठा चोखणे सुरू आहे का? असे असेल तर थांबू नये. वाढत्या जबड्याला वळण लावणे सोपे जाते.

मात्र प्रत्येक वाकड्या दाताला लगेच तारा नकोत. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांत फट दिसते. सुळे आल्यावर ती बहुधा आपोआप मिटते. बऱ्याच मुलांना तारा बहुतेक कायमचे दात आल्यावरच लावतात. अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सातव्या वर्षापर्यंत पहिली तपासणी सुचवते. लक्षात घ्या, तपासणी, उपचार नव्हे.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या व सरकारी शाळांत मुलांची तपासणी होते, त्यात दातही पाहतात. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुढील उपचारांसाठी नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. आणि किडलेली दुधाची दाढ काढण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा : ही वाचवता येईल का?