टेबल माउंटनचा दोर

केप टाउनच्या डोक्यावर टेबल माउंटन उभा आहे. १,०८६ मीटर उंच, माथा पठारासारखा सपाट आणि शहराच्या बाजूने सरळसोट कडा. १५०३ मध्ये आंतोनिओ द सालदान्या हा पोर्तुगीज दर्यावर्दी प्लॅटेक्लिप नावाच्या घळीतून वर चढला, त्याची नोंद आहे. पुढची चारशे वर्षं डोंगर पाहायचा तर पायांत बळ हवं, एवढाच नियम होता. म्हातारी माणसं, लहान मुलं, अपंग यांनी तो खालूनच पाहायचा.

यावर तोडगा काढायचं एकोणिसाव्या शतकापासूनच नागरिकांच्या मनात होतं. १९१२ मध्ये नगर परिषदेने एच. एम. पीटर नावाच्या अभियंत्याला पाहणी करायला सांगितलं. प्लॅटेक्लिप घळीतूनच दोराने ओढली जाणारी रेल्वे न्यावी, असा सल्ला त्याने दिला. खर्चाचा अंदाज एक लाख पौंड. शहराचं वीजकेंद्रसुद्धा त्याहून स्वस्तात झालं होतं. तरी लोकांनी मतदानात भरघोस कौल दिला. मग १९१४ चं महायुद्ध आलं आणि योजना बारगळली. मला हे डोंगराचं भाग्यच वाटतं. रूळ टाकायचे तर खडक फोडायचे, भराव घालायचे, पूल बांधायचे. जी घळ नोंदीतली सर्वांत जुनी वाट, तिलाच कायमची जखम झाली असती.

१९२६ मध्ये ट्रिग्वे स्ट्रोमसो हा नॉर्वेजियन अभियंता वेगळी कल्पना घेऊन पुढे आला: जमिनीला हात लावायचाच नाही, हवेतून जायचं. त्याने रोपवेची प्रतिकृती तयार केली. ती पाहून सर आल्फ्रेड हेनेसी यांना कल्पना पटली. सर डेव्हिड ग्राफ आणि हिरे-सोन्याच्या व्यवसायातले सर अर्नेस्ट ओपेनहायमर हेही सोबत आले आणि कंपनी उभी राहिली. यंत्रसामग्री जर्मनीतल्या लाइपझिगच्या ॲडॉल्फ ब्लायखर्ट कंपनीची. दोरावरून माल नेण्याच्या कामात तिचं नाव जगभर झालेलं होतं. एकूण खर्च साठ हजार पौंड. ४ ऑक्टोबर १९२९ रोजी रोपवे सुरू झाला. त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. आणखी वर्षभर उशीर झाला असता, तर एवढे पैसे कोणी घातले असते का, अशी शंका येते. पहिल्या गाडीत एकोणीस प्रवासी आणि एक कंडक्टर मावत.

रचना मुळात साधी आहे. विहिरीच्या कप्पीवरून सोडलेल्या दोराच्या दोन टोकांना दोन बादल्या बांधाव्यात, तशा दोन गाड्या. एक चढते तेव्हा दुसरी उतरते आणि अर्ध्यावर दोघी एकमेकींजवळून जातात. गाडीचं वजन पेलतात ते जाड, ताणून बसवलेले स्थिर दोर. त्यांच्यावर गाडीची चाकं धावतात. ओढायचा दोर वेगळा. उतरणाऱ्या गाडीचं वजन चढणारीला मदत करतं, म्हणून मोटरला मुख्यतः दोन्हींतल्या फरकाचा भार सोसावा लागतो. खालचं स्थानक तीनशेहून अधिक मीटर उंचीवर, वरचं १,०६७ मीटरवर, दोराची लांबी सुमारे १,२०० मीटर, आणि मध्ये एकही खांब नाही. त्यामुळे गाडी आधी उतारावरून तिरकी सरकत जाते आणि शेवटी कड्याजवळून अधिक तीव्र चढाने वर जाते. खिडकीबाहेर तेव्हा आभाळ कमी आणि खडक जास्त दिसतो: वाळूखडकाचे थर, त्यांच्या फटींत तग धरलेली झुडपं.

१९५८ आणि १९७४ मध्ये गाड्या बदलल्या. खरा कायापालट १९९७ मध्ये झाला. काही महिने रोपवे बंद ठेवून नवी यंत्रणा बसवली आणि उद्घाटनाच्याच तारखेला, ४ ऑक्टोबरला, तो पुन्हा सुरू केला. नव्या गोल गाड्या स्वित्झर्लंडच्या गारावेंटा कंपनीच्या, प्रत्येकी पासष्ट माणसांच्या. गाडीतली जमीन प्रवासात हळूहळू पूर्ण फिरते, त्यामुळे खिडकीसाठी धक्काबुक्की करावी लागत नाही; शहर, समुद्र आणि कडा सगळ्यांच्या वाट्याला येतात.

मला मात्र सर्वांत आवडते ती त्या जमिनीखालची पाण्याची टाकी. तिच्यात चार हजार लिटरपर्यंत पाणी मावतं. वारा असला की हे वजन गाडीला स्थिर ठेवतं, आणि वर पोचल्यावर तेच पाणी माथ्यावर वापरायला मिळतं. माथ्यावर मोटारीचा रस्ता नाही. उपाहारगृहाचा शिधा याच गाडीतून चढतो, कचरा याच गाडीतून उतरतो. या डोंगरावर सुमारे पंधराशे जातींच्या वनस्पती आहेत आणि केपचा वनस्पतिप्रदेश २००४ पासून जागतिक वारसा आहे. रोपवेने आजवर अडीच कोटींहून अधिक माणसं वर नेली. त्यांच्यासाठी घाटरस्ता कापला असता तर त्या झुडपांचं काय झालं असतं?

आपल्याकडे रायगडावर १९९६ च्या सुमारास हिरकणीवाडीहून रोपवे सुरू झाला, तेव्हा गड पायीच चढावा, असं अनेकांचं म्हणणं होतं. त्यांची भावना मी समजू शकतो. पण गुडघे थकलेल्या आजीला महाराजांच्या समाधीपुढे हात जोडता येतात, आणि त्यासाठी गडाचा कडा फोडावा लागत नाही, हे मला मोलाचं वाटतं. पायऱ्या आहेत तशाच आहेत. प्लॅटेक्लिपची वाटही तशीच आहे.

केप टाउनमध्ये शेवटचा शब्द वाऱ्याचा असतो. उन्हाळ्यात आग्नेयेचा सोसाट्याचा वारा सुटतो, माथ्यावर पांढरा ढग अंथरला जातो. लोक त्याला ‘टेबलक्लॉथ’ म्हणतात. वाऱ्याने मर्यादा ओलांडली की गाड्या थांबतात, मग खाली कितीही लांब रांग असो. हिवाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास, वार्षिक देखभालीसाठी रोपवे बंद असतो. दोर, चाकं, ब्रेक सगळं तपासलं जातं. त्या दिवसांत पायी वर गेलेल्यांना पायीच उतरावं लागतं, म्हणून निघण्याआधी रोपवे सुरू आहे की नाही, एवढं विचारून घ्यावं.