पौरुषप्रदर्शन, राजकीय

देहबळ, साहस, निर्भयता इ. पुरुषी मानलेले गुण वेशभूषा, छायाचित्रे, व्यायाम, शिकार व वक्तृत्व यांद्वारे लोकांसमोर मांडून राजकीय नेत्याने आपली नेतृत्वाची पात्रता प्रस्थापित करण्याची रीत. देहबळ व राज्यकारभाराचे कौशल्य यांचा प्रत्यक्ष संबंध अल्प असला, तरी स्वतः रणांगणावर उतरणाऱ्या राजाची प्राचीन प्रतिमा लोकमानसात टिकून राहिल्याने एकावरून दुसऱ्याचे अनुमान केले जाते. वृत्तपत्रे व छायाचित्रण यांच्या प्रसारामुळे या रीतीस आधुनिक रूप आले.

थीओडोर रूझवेल्ट (१८५८–१९१९) हे याचे ठळक उदाहरण. लहानपणी तो दम्याने जर्जर होता. १८८२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळात त्याने प्रवेश केला, तेव्हा त्याच्या उंची पोशाखाची व किनऱ्या आवाजाची थट्टा झाली. पुढे डकोटा प्रदेशातील पशुपालन व शिकार यांतून त्याने नवी प्रतिमा घडविली. हरणाच्या कातड्याचा पोशाख केलेले त्याचे १८८५ मधील प्रसिद्ध छायाचित्र मात्र न्यूयॉर्कच्या छायाचित्रशाळेत घेतलेले होते. तथापि हे सारे केवळ सोंग नव्हते. १८९८ च्या क्यूबातील युद्धात तो प्रत्यक्ष लढला आणि १९१२ मध्ये मिलवॉकी येथे छातीत गोळी लागल्यावरही त्याने सुमारे दीड तास भाषण केले.

अशा प्रतिमेची दुसरी बाजू लपवणुकीची असते. १९२१ मधील आजाराने फ्रँक्लिन रूझवेल्टचे पाय लुळे पडले. परंतु अध्यक्षपदाच्या काळात (१९३३–४५) चाकांच्या खुर्चीतील त्याची छायाचित्रे प्रसिद्ध होऊ नयेत, अशी दक्षता घेण्यात आली. इटलीत मुसोलिनीने उघड्या अंगाने गव्हाच्या मळणीत भाग घेतल्याची छायाचित्रे राज्ययंत्रणेनेच प्रसृत केली.

भारतात या प्रश्नास वासाहतिक सत्तेचा संदर्भ होता. मेकॉलेने बंगाली लोकांस दुर्बल व बायकी ठरविले. इल्बर्ट विधेयकाच्या वादात (१८८३) हाच आक्षेप भारतीय न्यायाधीशांविरुद्ध वापरण्यात आला. त्याला उत्तर म्हणून बंगालमध्ये व महाराष्ट्रात आखाडे आणि व्यायामशाळा यांना राष्ट्रीय कार्याचे स्वरूप आले. लोकमान्य टिळकांनीही महाविद्यालयातील पहिले वर्ष शरीर कमावण्यात घालविले होते. महात्मा गांधींनी मात्र हा मापदंडच नाकारला. कृश देह, पंचा आणि स्त्रियांचे काम समजली जाणारी सूतकताई यांना त्यांनी राजकीय प्रतिष्ठा दिली. १९३१ मध्ये चर्चिलने त्यांच्या वेशाची हेटाळणी केली. पण त्यापूर्वीच, १९३० मध्ये, धारासणा येथे हात न उचलता लाठ्यांचे घाव सोसणाऱ्या सत्याग्रहींनी धैर्याचा निराळा अर्थ जगासमोर ठेवला होता.

स्त्री-नेत्यांनाही हा मापदंड चुकलेला नाही. १९७६ मध्ये सोव्हिएट लष्करी वृत्तपत्राने मार्गारेट थॅचर यांना उपहासाने ‘पोलादी स्त्री’ म्हटले. त्यांनी ते बिरुद आनंदाने स्वीकारले. तडजोड म्हणजे दुबळेपणा, असा समज दृढ होऊन विवेकी माघारही नेत्यास अवघड व्हावी, हा या रीतीचा सर्वांत गंभीर परिणाम होय.